विहिरीतल्या माशांची न्याहारी

डासांवर उपाय म्हणून पाण्यात मासे सोडायचे, ही गोष्ट आमच्या प्राणिशास्त्राच्या सरांनी सांगितली तेव्हा मी लगेच मान डोलावली. समजली होती म्हणून नव्हे. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. तिथे कोणी काही सांगितलं की मी आधी मान डोलावत असे आणि अर्थ नंतर लावत असे.

अर्थ असा होता. पिंपरीकडे कंपन्या वाढल्या, त्यांच्या भिंतींबाहेर डबकी आणि गटारं वाढली, आणि पार चाकणपर्यंत संध्याकाळी माणसाला दारात बसणं अवघड झालं. औषधाची फवारणी व्हायची. डास पाहुण्यासारखे शेजारच्या गावात जाऊन यायचे. म्हणून हिवतापाच्या ऑफिसने ठरवलं की जिल्ह्यातल्या विहिरींत, डबक्यांत गप्पी मासे सोडायचे. बोटाच्या पेराएवढा मासा, पण डासांच्या अळ्या खाण्यात पटाईत. मासे गावोगाव पोचवायला सुट्टीत विद्यार्थी हवे होते, आणि सरांनी माझ्याकडे पाहिलं.

रॉकेलच्या धुतलेल्या डब्यात मासे घेऊन मी एसटीने हिंडू लागलो. पहिल्याच दिवशी कंडक्टरने अडवलं.

"डब्यात काय?"

"मासे."

"खाली उतर. वास मारतोय गाडीत."

"जिवंत आहेत, साहेब. सरकारी आहेत."

त्याने डब्यात डोकावून पाहिलं. "सरकारी? मग ह्यांचा पास कुठाय?"

सगळी गाडी हसली. मी घाबरून माझंच तिकीट पुन्हा पुढे केलं.

चाकणची, आळंदीकडची गावं झाली. पुनावळ्याच्या पलीकडचं आमचं गाव मात्र मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. परकी गावं माझं ऐकून घेत. आमच्या गावाने मला शेंबडा असताना पाहिलं होतं.

पिण्याच्या विहिरीत मासे म्हटल्यावर माणसं जमली आणि कुरकुर सुरू झाली. सगळ्यांत पुढे माझे चुलते. ते पिंपरीच्या एका कंपनीत मशीनवर होते आणि फोरमनकडे त्यांनी माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. कॉलेज म्हणजे त्यांच्या मते बिनपगारी शिफ्ट.

"पानी नासलं तर कोन जबाबदार?" त्यांनी विचारलं. "ह्यो? ह्याला सायकलचं पंक्चर काढता येत न्हाई."

"मी जबाबदार," मागून आवाज आला. ते दादा होते, माझे वडील. चारचौघांत ते सहसा बोलत नसत. "दिवाळीपत्तुर बघा. मासं मेलं, पानी नासलं, तर हीर मी उपसून देतो आन पोराला तुझ्या कंपनीत धाडतो. मासं जगलं, तर त्याच्या कॉलेजाबद्दल पुन्ना कुनी बोलायचं न्हाई."

अशा रीतीने माझं शिक्षण माशांच्या तब्येतीवर येऊन ठेपलं.

मी दर रविवारी गावी जायचो. पायऱ्या उतरून पांढऱ्या वाडग्यात पाणी घ्यायचो आणि अळ्या बघायचो. मासे जगले होते. नुसते जगले नव्हते, चांगले गुटगुटीत झाले होते. पण अळ्याही वळवळत होत्या, अगदी पहिल्यासारख्या. जेवून उठलेली माणसं दुसऱ्या पंगतीतून फिरतात तसे आमचे मासे अळ्यांमधून फिरत. मी पुस्तक पुन्हा वाचलं. त्यात हा मासा अधाशी असतो असंच लिहिलं होतं. माझंच काहीतरी चुकत असणार असं मला वाटलं, कारण पुस्तक छापलेलं होतं.

दिवाळी जवळ आली तेव्हा एका रविवारी मी सकाळी लवकरच विहिरीवर गेलो. दादा खालच्या पायरीवर उकिडवे बसले होते. सदऱ्याच्या खिशातून कणकेच्या गोळ्या काढून एकेक पाण्यात सोडत होते, आळंदीच्या घाटावर भाविक सोडतात तशा. मासे त्यांच्या बोटांना झोंबत होते.

"दादा, हे रोज?"

"रोज. तू काळजी करू नगं. एक दिस चुकवला न्हाई."

"पण त्यांनी अळ्या खायच्यात."

"खातील की. आधी जगाय तर पायजेत. ह्या हिरीत दुसरं हाय काय त्यांना खायाला?"

"पोट भरलं की ते अळ्यांना तोंड लावत नाहीत, दादा."

त्यांचा हात थांबला. "म्हंजी उपाशी ठेवायचं? आन मेलं तर?"

"नाही मरणार. पुस्तकात आहे."

"पुस्तकात आपल्या हिरीचं नाव हाय का?"

नव्हतं. दादांनी उरलेल्या गोळ्या पाण्यात सोडल्या आणि हात धुतले. "दिवाळी होऊ दे. तवर घालतो. मग तुझं पुस्तक म्हनंल तसं."

डास कसे कमी करावेत हे शिकत राहता यावं म्हणून मी तेवढे दिवस डास वाढू दिले.

दिवाळीत चुलते बोनसचा नवा टेरिलिनचा शर्ट घालून विहिरीवर आले. पाठोपाठ गाव आलं. पाणी नितळ होतं. माशांना पिल्लं झाली होती. चुलत्यांनी बराच वेळ पाहिलं, मग स्वतःच्या मानेवर फटकन चापट मारली आणि तळहात दादांपुढे धरला.

"आन ही डासं?"

"डासांचं काय बोलनं झालं न्हवतं," दादा म्हणाले.

"व्हय, ते न्हवतं झालं," दोघंतिघं हसत म्हणाले.

"तुमी बापलेक आमच्या कंपनीत पायजे व्हता," चुलते म्हणाले. "मालकाच्या बाजूनं बोलनी कराया." पण फोरमनकडचा शब्द त्यांनी मागे घेतला.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर सरांनी विचारलं, "मासे जगले?"

"जगले, सर."

"आणि डास?"

"तेही जगले, सर."

दादांनी कबूल केल्याप्रमाणे कणीक बंद केली. पण तोवर त्यांचं पाहून निम्म्या गावाला सवय लागली होती. म्हाताऱ्या बायका भाकरीचे तुकडे पदरात घेऊन यायच्या. मी त्यांना अळीचं शास्त्र सांगायला गेलो, तर एक आजी म्हणाली, "शिकून आलास ते मुक्या जिवांचा घास काढाया व्हय रं?"

उत्तर दादांनी शोधलं. सकाळी ते काठावर बसायचे आणि येणारीला हात जोडून सांगायचे, "म्हातारे, त्यांना उपास हाय." उपास मोडायचं पाप कोण घेणार? बायका भाकरी पदरात झाकून मागे फिरायच्या.

कार्तिक संपता संपता माझ्या वाडग्यात अळ्या खरंच कमी दिसू लागल्या. थंडीने की उपासाने, हे मला नक्की सांगता येणार नाही. दादांना मात्र मी उपासानेच म्हणून सांगितलं.