न रडलेली कांडी

नवऱ्याच्या एका थपडेत तिचा डावा कान गेला, तो कायमचाच. तेव्हा ती बावीस वर्षांची होती. सहा वर्षांनी तोच नवरा बाजारातल्या मारामारीत डोक्यात गज बसून मेला. गल्ली हळहळली. ती मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी कल्हईच्या दुकानात जाऊन भट्टी पेटवून बसली, कारण लोकांची भांडी अडकून पडली होती. तेव्हापासून सगळे तिला कथीलवालीच म्हणू लागले.

काम तिला सासऱ्यांनी शिकवलं होतं. तांब्याचं पातेलं तापवायचं, नवसागर टाकायचा, कथील लावून कापसाच्या बोळ्यानं फिरवायचं, की आतून चांदी ओतल्यासारखं दिसतं. मग त्यात आंबट शिजवा, कळकून विषारी व्हायची भीती नाही. सासरे म्हणायचे, कथील गरीब स्वभावाचं. गंजत नाही, कुणाला बाधत नाही, थोड्या आचेवर वितळतं. फक्त कांडी वाकवली की आतून करकरतं. त्याला ते कथलाचं रडणं म्हणत. शिसं भरपूर मिसळलं की ते रडणं बंद. म्हणून नवी कांडी आली की ती उजव्या कानाशी धरून वाकवायची.

माल आणायचं काम धाकट्या दिराकडे होतं. हात उचलण्यात तो थोरल्याचा सख्खा भाऊ शोभायचा. त्याच्या बायकोच्या दंडावरचे वळ कधी पुरते मावळत नसत.

एकदा इस्पितळाच्या स्वयंपाकघरातली अकरा पातेली कल्हईला आली आणि नेमकी ती तापानं तीन दिवस अंथरुणाला खिळली. उठून दुकानात आली तोवर दिरानं सात पातेली करून पाठवूनही दिली होती. आठवं तापत होतं, पळीत कथील वितळलेलं होतं. तिनं सवयीनं शेजारची कांडी उचलून वाकवली. आवाज नाही. दुसरी वाकवली, तीही मुकी. कागदावर ओढली तर पेन्सिलीसारखी काळी रेघ उठली, शिशाची.

तिनं विचारलं तेव्हा दीर हसला. शिसं स्वस्त पडतं, चकाकतंय ना, मग कोण बघायला येतंय, म्हणाला. ती म्हणाली, आजाऱ्यांच्या पोटात शिसं जाईल, सातही पातेली आत्ता परत आण. त्यानं उत्तराऐवजी सांडशी हाणली. तिच्या खांद्याचं हाड कटकन मोडलं. ती कोलमडली तसं त्यानं केस धरून तिला भट्टीकडे फरफटत नेलं. तोंडाला झळ लागू लागली.

"उजवाही कान घालवतो, वहिनी. मग ऐक काय ऐकायचं ते."

तिच्या धड हाताला पळीचा दांडा लागला. तिनं ती होती तशी त्याच्या पायावर उलटी केली. तो गुरासारखा ओरडला. धातू बघता बघता पावलावर थिजला आणि डॉक्टरांनी काढला तेव्हा कातडं घेऊनच निघाला.

पोलीस आले तेव्हा दिरानं दातओठ खात सांगितलं, की पळी त्याच्याच हातून निसटली. खरं सांगितलं असतं तर शिशाचं बिंग फुटलं असतं. जावेनं तिचा हात दाबला, गप्प राहा म्हणून. गप्प राहिली असती तर ती सुटली असती, पण मग त्या सात पातेल्यांची चौकशी कुणी केली नसती.

"पळी मीच ओतली, साहेब," ती म्हणाली. "का ओतली तेही लिहून घ्या. कथलात शिसं आहे, आणि सात पातेल्यांत आज दुपारी आजाऱ्यांचं जेवण शिजतंय."

पातेली तासाभरात चुलीवरून उतरली. तिला आठ महिन्यांची कैद झाली, दिराला दीड वर्षाची. ती सुटून आली तेव्हा खांदा वाकडा जुळला होता आणि दुकानात जाऊ भाता ओढायला शिकून बसली होती. काय शिकवता ते शिकवा, एवढंच जाऊ म्हणाली.

दीर सुटला त्या दिवशी काठी टेकत थेट दुकानाच्या दारात आला. आल्या आल्या त्यानं बायकोवर काठी उगारली. कथीलवालीनं ती हवेतच धरली, हिसकली आणि त्याच्या पोटात असा रट्टा दिला की तो पायरीवरून खाली रस्त्यावर आदळला. आजूबाजूचे दुकानदार बघत राहिले. एकही उठवायला गेला नाही.

जावेनं आतून कडी घातली आणि पुन्हा भात्यापाशी जाऊन बसली. तिनं विस्तव विझू दिला नाही.