कढई उतरेपर्यंत

खव्याच्या भट्टीवर एकच नियम असतो: हात थांबवायचा नाही. दूध आटत आलं की खुरपं कढईच्या तळाशी फिरत राहिलं पाहिजे, मग घाम डोळ्यांत जावो की दारात पाहुणा येवो. लग्न होऊन भूम तालुक्यातल्या या गावात आले तेव्हापासून मी तो नियम पाळला, आणि मोडला तो मोबाईलपायी.

लेक नर्सिंग शिकायला धाराशिवच्या होस्टेलवर नुकतीच गेली होती. तिचा फोन आला आणि मी खुरपं टाकून धावले. पोरीला फक्त विचारायचं होतं, लोणच्याची बरणी कुठल्या पिशवीत ठेवलीय. तेवढ्यात चौथी कढई तळाला लागली.

इथवर चूक म्हणू. पुढं केलं ते पाप. लागलेला खवा जनावरांपुढं टाकायचा सोडून मी तो वरवरचा खरवडून घेतला आणि आधीच्या तीन कढयांच्या खव्यात मळून टाकला. वाटलं, गार झाल्यावर वास बसेल. भट्टीवर आयुष्य काढलेल्या बाईला असं वाटावं म्हणजे कमाल झाली, कारण करपट वास गार झाल्यावरच वर येतो. आमचा खवा रोज घेणाऱ्या भूमच्या पेढेवाल्या काकांनी दुकानात गोळा फोडला, नाकाशी नेला आणि फडक्यासकट माझ्याकडं सरकवला.

"ताई, ह्यो कसला वास?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "लाकडं ओली हुती, काका. धूर लागला."

लाकडं आमचे मालक, लेकीचे वडील, फोडतात, तेच रचतात, आणि पावसाळ्यात स्वतःच्या अंथरुणापेक्षा जास्त जपतात. ते माझ्या शेजारीच उभे होते. काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, मी भांडून तरी मोकळी झाले असते. काका "बघू पुढं" म्हणाले आणि त्या दिवसापासून त्यांनी आमचा खवा घेणं बंद केलं.

म्हशींना यातलं काय कळणार? दूध रोज येतच होतं. मी खवा करून आठवडी बाजारात सुटा विकायला लागले, आणि तिथं दुसरंच दुखणं सुरू झालं. कढई चढली की छातीत धडधड. नाकात सारखा करपट वास, नसलेला. दूध अजून रटरटत असतानाच मी घाबरून कढई उतरवायची. असला कच्चा खवा दुसऱ्याच दिवशी आंबतो. गिऱ्हाईक तोंडावर आणून टाकायचं, आणि धडधड आणखी वाढायची. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. मी तर ताकाकडं बघायलाही तयार नव्हते. असंच चाललं तर भट्टी बंद करावी लागणार, हे मला दिसत होतं. बोलायचं कुणाशी?

लेक सुट्टीला आली. दोन दिवस तिनं माझी तऱ्हा पाहिली.

"आई, कढई चढवताना काय हुईल वाटतंय ते मोबाईलमधी बोलून ठिव. उतरवल्यावर काय झालं ते बी बोल. आमच्या मॅडम पेशंटला हेच सांगत्यात."

"म्या पेशंट हाय व्हय गं?"

"न्हाय. पेशंट ऐकत्यात तरी."

ज्या मोबाईलनं घात केला त्याच्याच तोंडाकडं पुन्हा बघायचं माझ्या जिवावर आलं होतं. पण तिनं तो भट्टीसमोरच्या कोनाड्यात ठेवला, कुठलं लाल बटण दाबायचं ते दाखवलं आणि ती निघून गेली. पहिल्या दिवशी कुणी आसपास नव्हतं. "आज लागणार," असं म्हणता म्हणता माझ्या तोंडून भलतंच बाहेर पडलं, "लाकडं कोरडी हुती. म्या खोटं बोलले." ऐकून माझीच मला लाज वाटली. पुसून टाकायला गेले तर पुसायचं कसं ते येईना. मग राहू दिलं.

महिनाभरानं लेक फोनवर म्हणाली, "आता सगळं वळीनं ऐक." संध्याकाळी गोठ्यापुढं बाजेवर बसून मी ऐकायला घेतलं. "आज लागणार." "न्हाय लागली." "आज तर नक्कीच लागणार." "न्हाय लागली." महिनाभर हेच. बाईचा आवाज असा रडवा, की मला तिचाच राग यायला लागला. एकदाही कढई लागलेली नाही आणि रोज मेली छाती पिटतेय!

मग माझ्या कानाला दुसरंच काही ऐकू आलं. प्रत्येक "न्हाय लागली"च्या मागं उतरवलेल्या कढईत दूध अजून रटरटत होतं. खवा झाला की कढई गप होते, नुसतं खुरपं घासल्याचा आवाज येतो. म्हणजे मी खवा करतच नव्हते, रोज त्याच्यापासून पळत होते.

दुसऱ्या दिवसापासून ठरवलं, छातीत काय व्हायचं ते होऊ दे, कढई गप झाल्याशिवाय उतरवायची नाही. "लागणार, लागणार" म्हणत मी खुरपं फिरवत राहिले. नाही लागली. धडधड काही गेली नाही, पण तिच्यासकट हात चालायला लागला. आठवडाभर एकाही दिवसाचा खवा आंबला नाही, तशी मी काकांना फोन केला. ते म्हणाले, "एक कढई आणा. बघतो."

त्या सकाळी मालकांनी भट्टीपाशी लाकडं रचली आणि जाता जाता म्हणाले, "आज लाकडं कोरडी हायत. तपासून घे."

आमच्या घरात मोबाईल एकच. पहिल्या दिवशीचं माझं ते बोलणं त्यांनी ऐकलं होतं. कधी, कुणास ठाऊक. मागं वळून बघायची हिंमत झाली नाही, आणि दूध चढलेलं असल्यानं वळताही येत नव्हतं.

दुकानात काकांनी गोळा फोडला, हुंगला. त्यांनी तोंड उघडायच्या आत मी बोलून टाकलं, "काका, मागच्या येळंला लाकडं ओली नव्हती. कढई लागली हुती, अन् म्या ती चांगल्यात मिसळली. ह्यांचा काय बी दोष न्हाय." मालक शेजारी खाली बघत उभे होते.

काकांनी गोळा खाली ठेवला. मग म्हणाले, "मग आज काय मिसळलंय?"

"काय बी न्हाय," म्हणाले, आणि माझं मलाच ते खोटं वाटलं.

"ठिवून जावा. गार झाल्यावर कळतंय. उद्या फोन करतो."



दुसऱ्या दिवशी सकाळी दूध पार घट्ट झालं होतं, आणि कोनाड्यातला मोबाईल वाजला. काकांचाच असणार. मधे चार पावलं. सगळा जीव कानात येऊन बसला, पण खुरपं सोडलं नाही. फोन वाजून वाजून बंद झाला. पुन्हा वाजला. गोठ्यातून मालक हात पुसत आले, त्यांनी उचलला. "व्हय काका. व्हय." आणि ठेवून दिला.

"काय म्हणाले?"

"आधी कढई उतरू दे."

चेहऱ्यावरून काही कळेना. रटरट अजून चालूच होती. आत्ता उतरवली तर आत्ता कळेल, असं क्षणभर मनात आलं. फिरवत राहिले. कढई गप झाली, खव्यानं कड सोडली, तेव्हाच उतरवली.

"रोज दोन कढया धाडा म्हणाले."

मालकांनी ढिगातलं एक वाकडं लाकूड सरळ लावलं.

"अन् लाकडं कोरडी वापरा म्हणाले."

मला हसूही आलं आणि रडूही. काका खरंच तसं म्हणाले की ह्यांनी पदरचं जोडलं, ते मी अजून विचारलेलं नाही.