जंपर न मारणारा माणूस

कंपनीची बस चिखलीतून निघून तळवड्याच्या पुढे रोजच्यासारखी अडकली होती, तेव्हा कल्पनाचा फोन आला. ती माझ्याच लाइनवर काम करते, दिघीहून दुसऱ्या बसने येते. म्हणाली, "सुनीताताई, नाना गेले गं. पहाटे. झोपेतच." मी नुसतं "हं" म्हणाले आणि फोन ठेवला. पुढच्या सीटवरची मुलगी डबा उघडून पोहे खात होती, खिडकीबाहेर कंटेनरची रांग हलायचं नाव घेत नव्हती, आणि माझ्या मनात पहिलं काय आलं असेल, तर त्यांची माफी मागायची राहिली… दोन महिने होत आले. अजूनही त्या रस्त्यावर बस थांबली की तेच मनात येतं.

नाना म्हणजे दशरथनाना, आमच्या कंपनीचे इलेक्ट्रिशियन. कंपनी कसली, चाकणच्या पुढे पत्र्याची एक शेड, त्यात सहा पॉवर प्रेस आणि आम्ही पंचवीस-तीस माणसं. गाड्यांच्या सीटखाली बसणाऱ्या पट्ट्या आणि क्लिपा आम्ही ठोकतो. नाना जवळच्याच एका गावचे. सगळं आयुष्य वायरींमध्ये गेलं, पण बोलणं शेतातलंच राहिलं. घरचा कांदा निघाला की पिशवी भरून आणायचे आणि जेवणाच्या टेबलावर ओतायचे. "बाजारात नेण्यापरीस तुमीच खा." अंगाने काटक, खिशाला टेस्टर, आणि चालू पॅनेल उघडला की डावा हात पँटच्या खिशात. मला आधी ती ऐट वाटायची. एकदा विचारलंच, तर म्हणाले, "दोन्ही हात आत घातले तर करंट ह्या हातातून त्या हातात जातो. मधी काय हाय? काळीज. म्हनून एक हात घरी ठेवायचा." असा माणूस आमच्या एवढ्याशा शेडमध्ये, तेही कंत्राटावर का आला, असा प्रश्न सगळ्यांनाच पडायचा. आधी कुठल्याशा मोठ्या कंपनीत परमनंट होते आणि तिथून त्यांना काढलं, एवढंच कानावर होतं. ते स्वतः त्यावर कधी बोलले नाहीत.

मी परभणीची. लग्न होऊन चिखलीत आले आणि धाकटा शाळेत जायला लागल्यावर कामाला लागले. पहिल्या दिवशी हातभर हिरव्या बांगड्या घालून प्रेससमोर उभी राहिले. नानांनी पाहिलं, रागावले नाहीत. जुन्या चादरीच्या शिवलेल्या दोन बाह्या आणून माझ्या हातात दिल्या. "ताई, बांगड्या काढा म्हणनारा मी कोन? पन ह्या वरून चढवा. आमच्या मंडळींनी शिवल्यात." मग आम्हा तीन नव्या बायकांना घेऊन ते प्रेसपाशी गेले. प्रेसच्या तोंडाशी दोन बाजूंना दोन उभ्या पट्ट्या असतात आणि त्यांच्यामध्ये डोळ्यांना न दिसणारा प्रकाशाचा पडदा. त्यात हात आडवा गेला की प्रेस जागच्या जागी थांबते. आम्ही त्याला नुसतं 'सेन्सर' म्हणतो. नानांनी डब्यातून दोन काकड्या काढल्या. एक डायवर, म्हणजे प्रेसच्या खालच्या साच्यावर ठेवली आणि दोन्ही बटणं दाबली. काकडीचं पाणी झालं. दुसरी त्यांनी लांब काठीच्या टोकाला बांधली आणि प्रेस खाली येत असताना आत सारली. प्रेस अधांतरी थबकली, काकडी शाबूत. "ही तुमची बोटं," ते म्हणाले, आणि त्याच काकडीचे तुकडे करून, मीठ लावून आम्हाला खायला दिले. आम्ही हसत हसत खाल्ले खरे, पण त्या दिवसापासून माझा हात पट्ट्यांच्या आत आपण होऊन कधी गेला नाही.

आमच्या घरालाही त्यांचं पाऊल लागलेलं आहे. एकदा जेवताना मी सहज म्हणाले की आमचं वॉशिंग मशीन ओल्या हाताला झिणझिण्या देतं, आता सवय झाली. नानांचा घास हातातच राहिला. रविवारी चाकणहून दोन बस बदलून ते आमच्या दाराशी हजर. बिल्डिंगची अर्थिंगची तारच कुणी जोडलेली नव्हती. ती त्यांनी दिवसभर खपून जोडली आणि मीटरशेजारी एक ईएलसीबी बसवला, म्हणजे कुठे करंट गळायला लागला की क्षणात लाइट घालवणारा खटका. त्यानंतर आमच्या घरात आठवड्यातून दोनदा अंधार व्हायला लागला. सासूबाई वैतागल्या. मालिका रंगात आली की हमखास लाइट जायची. पुढच्या खेपेला नाना आले तेव्हा त्यांनी तक्रार मांडलीच. "दादा, ते तुमचं काढून टाका बाई, सारखं पडतंय." नाना चहाची बशी खाली ठेवून म्हणाले, "आक्का, कुत्रं भुंकायला लागलं तर त्याचं तोंड बांधता, का दारात कोन आलंय ते बघता?" मग एकेक वस्तू तपासली, तेव्हा भिंतीतून पाणी झिरपणारा बाथरूमचा बोर्ड सापडला. आंघोळीला जाताना धाकटा रोज त्याच बटणाला हात लावायचा… तेव्हापासून सासूबाईंनी त्या खटक्याविरुद्ध एक शब्द काढला नाही. लाइट गेली की त्या उलट आम्हालाच विचारतात, "बघा बरं, कोण आलंय?"

आता जे सांगायचं ते सांगायला मला जड जातं. चार वर्षांपूर्वी मला लाइन लीडर केलं. नवं नवं होतं, आपण किती माल काढतो हे मालकांना दाखवायची घाई होती. एका दुपारी तीन नंबरच्या प्रेसचा सेन्सर सारखा ट्रिप व्हायला लागला. हात आत नाही, काही नाही, तरी प्रेस थांबायची. गेटवर टेम्पो माल भरायला उभा, पुढच्या कंपनीतून फोनावर फोन. मालक खाली आले आणि म्हणाले, "नाना, तासाभरापुरता जंपर मारा." जंपर म्हणजे वीतभर वायरचा तुकडा. तो पॅनेलमध्ये दोन टोकांना जोडला की सेन्सर आंधळा होतो आणि प्रेस न थांबता चालते. नाना म्हणाले, "न्हाई. उद्या पार्ट येईल, मग चालू करू." मालक ओरडले, नाना उभेच. मग मी पुढे झाले. त्यांच्या मुलीच्या वयाची मी. सगळ्या लाइनसमोर म्हणाले, "नाना, तुम्हाला दुरुस्त करता येत नाही म्हणून आमची लाइन बंद पाडताय. त्या मोठ्या कंपनीनं तुम्हाला उगाच नाही काढलं." नानांनी माझ्याकडे पाहिलं, पॅनेलला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि बाहेर जाऊन लिंबाखाली बसले. टेम्पो रिकामा गेला.

दुसऱ्या दिवशी पार्ट आला. सेन्सरच्या वायरचं एक कनेक्टर हादऱ्यांनी तडकलं होतं, बाकी काही नाही. प्रेस ठणठणीत होती. जंपर मारला असता तरी त्या दिवशी बहुधा कुणाला काही झालं नसतं. हे नानांनीच मला येऊन सांगितलं. स्वतःची बाजू पडती आहे हे दिसत असूनही सांगितलं, आणि वर म्हणाले, "चला, च्या घेऊ." मी चहा घेतला. माफी मात्र मागितली नाही. मीच बरोबर होते, असं मनात कुठेतरी वाटत राहिलं. पुढे त्यांची छाती दुखायला लागली, काम सुटलं. शेवटचं भेटायला गेले तेव्हा ते बाजेवर उशीला टेकून बसले होते. आज बोलायचंच, असं ठरवून गेले होते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तीन नंबरच्या प्रेसचं ब्रेक लायनिंग बदललं का गं?" मग तेच बोलत बसलो, काकूंनी भाकरी वाढली, शेवटची बस निघायची वेळ झाली… राहून गेलं.

दशक्रियेला गावच्या घाटावर गेले. माणसं पांगल्यावर पायऱ्यांवर एक म्हातारे गृहस्थ बसलेले दिसले. डाव्या हाताची तीन बोटं मुळापासून नव्हती. त्यांनीच हाक मारली. "तुमी शेडवाल्या सुनीताताई ना? मी गुलाब. दशरथ आन् मी एका कंपनीत व्हतो. मी प्रेसवर, तो मेंटेनन्सला." मी त्यांच्या हाताकडे बघते आहे हे त्यांच्या लक्षात आलं. "आमचाबी सेन्सर सारखा ट्रिप व्हायचा," ते म्हणाले. "मीच त्याच्या मागं लागलो. दशरथ, शिफ्ट संपस्तोवर मार की जंपर. दोस्ती व्हती, त्यानं मारला. दीड तासात ही बोटं गेली."

त्यांनी तो हात उपरण्याखाली घेतला आणि पुढे सांगू लागले. "ती वायर मागनं कुनी काढली, देव जाने. कागदावर आलं, कामगाराचा निष्काळजीपना. मला घरीच बसवनार व्हते. दशरथ दवाखान्यात आला, उशाला बसला. दुसऱ्या दिवशी सायबाकडं जाऊन लिहून दिलं, सेन्सर माझ्या हातानं बंद केलाय. त्याची नोकरी गेली. मला स्टोअरमधी घेतलं, रिटायर होईस्तोवर ठेवलं."

"पण जंपर मारायला तर तुम्हीच सांगितलं होतं ना?"

"मी म्हनलं की त्याला, माझं बी नाव घाल. म्हनला, तू मागितलंस, पन हात माझा व्हता."

मला तिथे बसवेना. तरी त्यांना सांगितलं, मी भर लाइनवर नानांना काय बोलले होते ते. गुलाबरावांनी मान हलवली. "ठाऊक हाय. दर ऐतवारी यायचा माझ्याकडं, तवा बोलला व्हता." मी विचारलं, काय म्हणाले? "म्हनला, पोरगी खरं बोलली."

परतीच्या बसमध्ये मी खिडकीला डोकं टेकून बसले होते. गुलाबरावांनी ते वाक्य मला बोचावं म्हणून सांगितलं नव्हतं, माझं ओझं उतरावं म्हणूनच सांगितलं असणार. तसं झालं नाही. त्या दुपारी मी नेमक्या ज्या जागी घाव घातला, ती जागा या माणसाने इतकी वर्षं स्वतःच उघडी ठेवली होती. आणि माझ्याशी पुन्हा पहिल्यासारखाच बोलत राहिला.

गेल्या आठवड्यात पाच नंबरची प्रेस थांबली. आता इलेक्ट्रिशियन विकास आहे, जालन्याचा, कामाला चांगला. टेम्पो गेटवर उभा होता. विकास माझ्याकडे आला. "ताई, मालक म्हणतात तासाभरापुरता जंपर मारून दे. काय करू?" मी त्याच्याबरोबर पॅनेलपाशी गेले. पॅनेलच्या उघड्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला होता. मी कधी पॅनेल उघडत नाही, त्यामुळे पहिल्यांदाच पाहिला. जाड अक्षरात लिहिलं होतं, 'इथं जंपर मारावा वाटला तर आधी मला फोन करावा. दशरथ.' खाली नंबर. का कोण जाणे, मी तो लावला. दुसऱ्याच रिंगला काकूंनी उचलला.

"काकू, मी सुनीता. पॅनेलवर नंबर दिसला, म्हणून…"

"बोल की गं. ह्या महिन्यात असा हा तिसरा फोन. जिथं जिथं काम केलं तिथं नंबर चिकटवून गेलेत. म्हनून त्यांचा फोन मी रोज चार्जिंग करून ठेवते."

मशिनं थांबलेली, बायका आमच्याकडे बघत उभ्या, मालक जिन्यावर. मी प्रेसचं काय झालंय ते थोडक्यात सांगितलं.

"मला त्यातलं काय कळत न्हाई बाई," काकू म्हणाल्या. "पन जंपर मारू का, असं कुनी इचारलं की ते न्हाईच म्हनायचे. तेवढं मला पाठ हाय."

मी फोन ठेवला आणि विकासकडे वळले.

"नाना नाही म्हणतात," मी म्हणाले. "लाइन बंद ठेव."