पाकिटावर कुठला देश?

"हिलाच ठेवू या. ही बोलत नाही. बोलणारे आपल्याकडे भरपूर आहेत!"

हे वाक्य माझ्याविषयी होतं आणि ते माझ्या कानावर पडायला नको होतं. वॉशरूम शोधता शोधता मी मैद्याच्या पोत्यांमागे येऊन पोचले होते आणि पलीकडे बेकरीचे मालक आपल्या मुलीशी इंग्रजीत बोलत होते. मी तशीच मागे फिरले, बाहेर येऊन खुर्चीवर बसले आणि पाच मिनिटांनी नोकरी मिळाल्याचं ऐकून आश्चर्य वाटल्यासारखा चेहरा केला.

लग्न होऊन वसईहून सिडनीला आले त्याला तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. नवरा ग्लेन पॅरामॅटाला एका बँकेत आयटीत. आम्ही राहतो पेंडल हिलला. माझ्या अकाउंटिंगच्या डिग्रीला इथे मान्यता मिळेपर्यंत घरात भिंती बघत बसण्यापेक्षा बरं, म्हणून ग्रॅनव्हिलच्या या कुर्दिश बेकरीत काउंटर सांभाळायला लागले. न बोलणाऱ्या माणसासमोर लोक सगळं बोलतात. रोज घरी गेल्यावर मी ग्लेनला त्या दिवशीचा किस्सा सांगायची आणि तो म्हणायचा, "खोटं!" खोटं वाटणारे खरे किस्से इतके साठले की ग्लेन आता एकात दुसरा मिसळून तिसराच सांगायला लागलाय. म्हणून म्हटलं, लिहूनच टाकावेत.

* * *

पहिल्याच दिवशी मी सभ्यपणे एक प्रश्न विचारला. "तुम्ही मूळचे कुठले?"

मालक रशीद, ज्यांना सगळे मामो म्हणतात, हसून म्हणाले, "टर्की."

मागून भट्टीपाशी काहीतरी आदळल्याचा आवाज आला. त्यांचे धाकटे भाऊ वेलात. ते तिथूनच ओरडले, "कुर्दिस्तान!"

मामोंची बायको गुले आंटी म्हणाल्या, "मी इराकची. पण इराकची नव्हे. तिथल्या कुर्दांच्या दुहोक शहराची."

आता एकच घर, एकच धंदा, आणि तीन देश! त्यातला एक तर नकाशावर नाहीच. मी आशेने त्यांच्या मुलीकडे, बर्फीनकडे पाहिलं. ती युनिव्हर्सिटीत लॉ शिकते.

"माझ्याकडे काय बघतेस, मेट? मी इथल्या वेस्टमीड हॉस्पिटलची! जन्म तिथला!"

* * *

मामो म्हणजे त्यांच्या भाषेत काका. आमच्याकडे काय म्हणतात, असं वेलातनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, काका. त्यांनी संशयाने पाहिलं. "हा टर्किश शब्द तर नाही ना?"

"नाही."

"मग चालेल. मला काका म्हण." आणि माझं लग्न नवं आहे हे कळल्यापासून मी सगळ्यांची 'बूके' झाले. म्हणजे नवरी, घरची सून. नावाने हाक मारायची पद्धतच संपली.

तर असे हे काका भट्टीतून रोज पहाटे जे लांबट, फुगीर, वर तीळ लावलेले ब्रेड काढतात, ते ब्रेड मी ज्या शेल्फवर रचते, त्या शेल्फवरची पाटी वाचून मी गारच पडले.

'टर्किश ब्रेड.'

टर्कीतल्या शाळेत कुर्दिश बोलला म्हणून मास्तरांनी ज्याला हात सुजेपर्यंत मारलं, तो माणूस आयुष्यभर टर्किश ब्रेड भाजतोय! मी मामोंना हळूच विचारलं, असं कसं?

"या देशात सगळ्यांना टर्किश ब्रेड माहीत आहे," मामो म्हणाले. "सुपरमार्केटात मिळतो. कुर्दिश म्हटलं की आधी भूगोल शिकवावा लागतो. मग इतिहास. तोवर ब्रेड गार होतो."

आणि मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. सिडनीभर कॅफे असलेली एक कंपनी त्यांचा ब्रेड रोज घ्यायला तयार होती. दुकानाचं भाडं वाढलं होतं, समोर नवीन बेकरी आली होती, आणि हे काम मिळालं नाही तर बेकरी वर्षभरही टिकणार नव्हती. अट एकच, पाकिटावर छापायचं 'अस्सल टर्किश ब्रेड, एका टर्किश कुटुंबाकडून.'

काकांनी त्यावर दिलेलं उत्तर एवढंच होतं, "पाटी तुझी, दुकान तुझं. पण ते पाकीट ज्या दिवशी येईल, त्या दिवशी मी भट्टी सोडून जाईन."

दोघं भाऊ एकाच विमानाने या देशात आलेले, एकाच खोलीत राहिलेले, एकाच भट्टीपाशी म्हातारे झालेले. मी त्या पाकिटाची वाट बघत नव्हते. कुणीच बघत नव्हतं. पण विषय रोज निघायचा.

* * *

काकांना टर्किश हा शब्द ऐकू येत नाही. शब्दशः येत नाही! काउंटरवरून "दोन टर्किश!" असं ओरडलं तर आतून काही हालचाल होत नाही. "दोन लांब!" म्हटलं की लगेच येतात.

गुले आंटींना खरंच काळजी वाटायला लागली. त्या त्यांना कानाच्या टेस्टला घेऊन गेल्या. हेडफोन लावले, बटणं दाबली, सगळं झालं. रिपोर्ट एकदम छान. वीस वर्षांनी लहान माणसाचे कान!

आंटी परत आल्या त्या पर्स आपटतच. "कान ठणठणीत आहेत. म्हणजे इतकी वर्षं हा मुद्दाम ऐकत नव्हता. आणि मी मेली ओरडून ओरडून घसा बसवून घेतला!"

* * *

एकदा कुरियरवाला आला. "मुस्तफा?"

"इथे कुणी मुस्तफा नाही," मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. पुन्हा परत पाठवला. तिसऱ्या दिवशी काका वैतागून विचारत होते, "माझी गुडघ्याची पट्टी अजून कशी आली नाही?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. "काका, तुम्ही मुस्तफा आहात?"

वेलात म्हणजे देश. त्यांच्या गावच्या नोंदणी कचेरीत हे असलं कुर्दिश नाव लिहून घेत नसत, म्हणून तिथल्या कारकुनाने स्वतःच्या मनाने मुस्तफा लिहिलं. पासपोर्टवर तेच, मेडिकेअरवर तेच, लायसन्सवर तेच.

"मुस्तफा सरकारसाठी," काका पिठाचे हात झटकत म्हणाले.

"आणि वेलात?"

"आईसाठी."

मी त्या कुरियरवाल्याला फोन लावायला आत गेले, आणि तिथे जरा जास्तच वेळ थांबले.

* * *

इराकच्या उत्तरेला कुर्दांचं स्वतःचं सरकार आहे, देश नाही. काही वर्षांपूर्वी त्या सरकारने लोकांना सरळ विचारलं, वेगळं व्हायचं का? गुले आंटी तेव्हा दुहोकला होत्या, आजारी वडिलांपाशी.

मामोंचा सिडनीहून फोन. "मतबित देऊ नकोस. बगदादवाले एअरपोर्ट बंद करतील. आधी निघ."

काकांचा फोन. "वहिनी, शाई लावलेल्या बोटाचा फोटो पाठव!"

आंटींनी मत दिलं. वडिलांना खुर्चीवर बसवून नेलं, त्यांनीही दिलं. जवळजवळ सगळ्यांनीच 'हो' म्हटलं. काकांनी इथे दिवसभर ब्रेड फुकट वाटला. मग बगदाद चिडलं, शेजारी चिडले, तिथून परदेशी जाणारी विमानं बंद झाली, हातात होता तोही काही मुलूख गेला, आणि देश काही झाला नाही. आंटी बगदादवरून वळसा घालून कशाबशा घरी पोचल्या.

मामो एअरपोर्टवर म्हणाले, "सांगितलं होतं ना?"

काका म्हणाले, "फोटो का नाही पाठवलास?"

"आणि तुम्ही काय म्हणालात?" मी आंटींना विचारलं.

"काय म्हणणार? बोटावरची शाई गेली. बाबाही गेले. हे दोघं अजून तिथेच आहेत, एअरपोर्टवर!"

* * *

आमच्या मराठी मंडळींचाही एक किस्सा यात घालायलाच हवा. शनिवारी पेंडल हिलला आमच्या घरामागे बार्बेक्यू होता. मी कुर्दिश बेकरीत काम करते हे ग्लेनने सांगितलं, आणि सगळे एकदम तज्ज्ञ झाले. त्यातही पुण्याचा सचिन.

"बघ, इमोशनल होऊन चालत नाही," सचिन चिकन उलटत मला म्हणाला. "प्रॅक्टिकल राहायला हवं त्यांनी. जे मिळतंय ते घ्यायचं, अ‍ॅडजस्ट करायचं. कुठे वेगळा देश वगैरे! तू सांग त्यांना."

मी मान हलवली. हा तोच सचिन, जो नाटकात कुणाला कुठली भूमिका यावरून भांडून आमच्या भागातल्या मंडळातून बाहेर पडला होता आणि ज्याने स्वतःचं स्वतंत्र मंडळ काढलं होतं! लोगोसकट!

ग्लेन शांतपणे म्हणाला, "सचिन, तुझ्या मंडळाला मान्यता कुणी दिली रे?"

सचिनने चिमटा खाली ठेवला. "तत्त्वाचा प्रश्न होता तो!"

* * *

रोज सकाळी एक टर्किश आजोबा यायचे. मला वाटायचं, काका आतच थांबतील. उलट! काका स्वतः बाहेर येऊन त्यांना भट्टीतला पहिला ब्रेड हातात द्यायचे. दोघं टर्किशमध्ये गुडघेदुखीवर बोलायचे, हसायचे. मी चकित.

"काका, हे कसं?"

"मी देशाशी भांडतो, बूके. म्हाताऱ्याशी कशाला भांडू?"

एकदा आजोबांनी चष्मा बदलला होता. नव्या चष्म्यातून त्यांनी शेल्फवरची पाटी पहिल्यांदा नीट वाचली आणि ते भडकलेच. "हे काय लिहिलंय? हा कुठला टर्किश ब्रेड? आमच्याकडे असा नसतो!"

मामो पुढे धावले, आता एक गिऱ्हाईक गेलं म्हणून.

काकांनी काउंटर ओलांडून आजोबांना मिठी मारली. पिठाने माखलेला काळा कोट झटकत आजोबा बाहेर पडले ते बोलतच, काय झालं ते त्यांना अजून कळलेलं नाही.

* * *

आणि मग तो दिवस आला. कॅफेवाल्या कंपनीच्या माणसाचा फोन, "पाकिटं छापायला टाकायची आहेत. आज दुपार संपेपर्यंत हो किंवा नाही सांगा. आणि नाव बदलणार नाही, मेट, ते विचारूच नका."

दुपारी दुकान बंद केलं. मामो, काका, आंटी, बर्फीन पिठाच्या टेबलाभोवती उभे. आधी दोघा भावांनी नेहमीचं सगळं बोलून घेतलं. "पोट भरलं तर तत्त्व टिकेल." "तत्त्व विकून भरलेलं पोट कुणाचं?" "तू गेलास तर भट्टी कोण बघेल?" "तुझे टर्किश बघतील!"

"स्टॉप!" बर्फीन ओरडली. "रेफरंडम घेऊ. आत्ता. गुप्त मतदान. सगळ्यांनी डोळे मिटायचे, हात वर करायचे. टर्किश म्हणजे कॉन्ट्रॅक्ट घ्यायचं, कुर्दिश म्हणजे नाही म्हणायचं. बूके मोजेल. आणि बूके, फक्त आकडा सांगायचा. कोण कुठे ते नाही. कधीच नाही. प्रॉमिस?"

मी मान हलवली. माझं सगळं मान हलवूनच चालतं.

चौघांनी डोळे मिटले. "टर्किश," बर्फीन म्हणाली. दोन हात वर. "कुर्दिश." दोन हात वर. मी मोजले. मग ते हात कुणाचे ते पाहिलं, आणि मला वाटलं मी चुकीच्या माणसांकडे बघतेय. मी पुन्हा हात वर करायला लावले. पुन्हा तेच.

"दोन, दोन," मी म्हटलं.

डोळे उघडले. मामो आंटींकडे आणि बर्फीनकडे असे बघायला लागले, जणू त्यांना पहिल्यांदाच भेटतायत. काकाही तसेच. कुणी काही विचारेना. विचारायचं नव्हतंच.

"म्हणजे घराचे दोन तुकडे," मामो अखेर म्हणाले. "ठीक. तुझं तुला लखलाभ."

"तुझं तुला. घे ते कॉन्ट्रॅक्ट," काका म्हणाले. त्यांनी पाठीमागची गाठ सोडली, अ‍ॅप्रन काढला, त्याची नीट घडी घातली आणि तो टेबलावर भावासमोर ठेवला. टोपी घेतली. आंटी रडायला लागल्या. काका मागच्या दाराकडे चालू लागले. मामो त्या अ‍ॅप्रनकडे बघत उभे, जागचे हलेनात.

मी तोंड उघडलेलं बर्फीनने पाहिलं. "बूके, नो! तू काही बोलायचं नाहीस! प्रॉमिस केलंयस!"

"काका, थांबा," मी म्हटलं. एवढ्या मोठ्याने की मलाच दचकायला झालं. "कुर्दिशला मामोंचा हात वर होता. आणि मामो, टर्किशला काकांचा."