प्रतिज्ञापत्राची चौथी ओळ

"ताई, एकदा मोठ्यानं वाचा ना."

कागद टाइप होऊन हातात पडला की त्याचं हे पहिलं वाक्य. कोर्टाबाहेर माझं टायपिंगचं टेबल आहे. लोक सही ठोकतात आणि पळतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. हा मात्र डोळे मिटून, मान खाली घालून ऐकायचा. मी पडले फटकळ. म्हणायचे, "अरे, मी काय पोथी लावलीय का?" त्यावर तो शांतपणे म्हणायचा, "आमच्याकडं खोक्यावर चुकीचं लेबल गेलं तर अख्खा कंटेनर परत येतो, ताई."

पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये तो सुपरवायझर होता; तिथले करारनामे माझ्याकडून टाइप करून न्यायचा. बँकॉकच्या कंपनीकडून माल तपासायला एक थाई मुलगी यायची. दोन सीझन दोघं मण्यांच्या आकारावरून भांडले आणि तिसऱ्या सीझनला लग्न ठरवून बसले. आता बोला!

लग्न इथंच झालं, नाशकात, त्यांच्या कॉलनीतल्या विहारात. सासूला सुनेची भाषा येईना, सुनेला सासूची. पण पंचशील घ्यायची वेळ आली तेव्हा सून पालीत खडाखडा म्हणायला लागली, आणि त्याची आई सगळ्यांसमोर रडली. नोंदणी मात्र राहून गेली. "पुढच्या खेपेला करू," म्हणाले सगळे. ती परत गेली आणि तिकडं कळलं, तिला दिवस गेलेत.

घोळ इथून सुरू झाला. डॉक्टरांनी तिचा विमानप्रवास बंद केला. इथली नोंदणी तिच्याशिवाय होईना. तिकडं करायची तर त्याचं अविवाहित असल्याचं प्रतिज्ञापत्र हवं. आणि बाळ जन्मायच्या आत नोंद झाली नाही, तर तिकडच्या कायद्यानं कागदोपत्री त्या बाळाला बाप नाही. हे सगळं कळेपर्यंत तिला सातवा महिना लागला; शिक्के, भाषांतर, व्हिसा सगळं धरून हातात जेमतेम दोन महिने होते.

मी टाइप केलं, वाचायला लागले. चौथ्या ओळीला त्यानं डोळे उघडले. 'माझा आजतागायत कोणाशीही विवाह झालेला नाही.'

"ही ओळ काढा, ताई."

"अरे बाबा, तीच तर ओळ पाहिजे त्यांना!"

"पण झालाय ना विवाह. आईसमोर झालाय. खोटं बोलणार नाही, असं शील घेतलं आम्ही त्याच दिवशी. मग लग्नाचा पहिलाच कागद खोटा करू?"

मी चिडले. खरंच चिडले. "तिकडं लेकरू बिनबापाचं राहील आणि तू इथं सत्यवादी होऊन बस!"

तो हलला नाही. शेवटी त्याच्या म्हणण्याप्रमाणं लिहून दिलं: विहारात विधी झाला, नोंदणी झालेली नाही, दुसरी पत्नी नाही. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

महिन्याभरानं कागद तिकडून परत आला. नमुन्यात बसत नाही म्हणे.

त्या दिवशी तो द्वारका चौकाच्या ट्रॅफिकमध्ये रिक्षा सोडून, धापा टाकत चालत आला. तिचा रक्तदाब वाढला होता, डॉक्टर बाळंतपण अलीकडं आणायचं म्हणत होते. "जुनंच टाइप करा, ताई." माझी बोटं कधी नव्हे ती चुकत होती. कागद पुढं ठेवला. वाचा म्हणाला नाही. सही केली आणि भरदुपारी माझ्या टेबलावर डोकं टेकून रडला. मी पाण्याची बाटली पुढं केली, बस.

तो वेळेत पोचला. नोंद झाली आणि पाचव्या दिवशी मुलगी झाली. आता तो तिकडंच असतो.

पेढे घेऊन त्याची आई आली. मी त्यांना माझी खुर्ची दिली. पेढा तोंडात टाकला तोच त्या हळूच म्हणाल्या, "ताई, त्या दिवशी तो तुमच्याकडून आला आणि जेवला नाही. लग्नाचा फोटो भिंतीवरून काढला, कपाटात पालथा ठेवला. असं काय लिहिलं होतं त्या कागदावर?"

खरं ते तोंडावर बोलून मोकळं व्हायची माझी सवय. साऱ्या कोर्टाला माहीत आहे.

"नाव-पत्ता, मावशी," मी म्हटलं. "बाकी काही नाही."