गुलमोहराचा खुंट आणि माझा पुढाकार

"सून गुणी आहे गं, पण बोलतच नाही. गेल्या महिन्यात फ्रिज घेतला, तो निदान गुरगुरतो तरी!"

हे वाक्य सासूबाईंनी फोनवर ठाण्याच्या मावशींना ऐकवलं. मी दाराआड चादरींच्या घड्या घालत होते. लग्नाला जेमतेम पाच महिने झालेले, आणि घरातल्या वस्तूंच्या यादीत माझा नंबर फ्रिजच्या खाली लागलेला!

या एका वाक्यानं पेटून मी जो काही पराक्रम केला, तो आठवला की आजही उशीत तोंड खुपसावंसं वाटतं. पण ऐकाच.

आमची बिल्डिंग मुलुंड पूर्वेला. चार मजले आणि पुढे चिमूटभर अंगण. तिथला जुना गुलमोहर आतून पोकळ झाला, म्हणून रीतसर परवानगी काढून कापला. कापणारे आले, फांद्या आणि खोड घेऊन गेले. जिन्याच्या तोंडाशी उरला खुंट. रुंदीला आमच्या डायनिंग टेबलाएवढा आणि स्वभावानं त्याहून जड.

येताजाता प्रत्येकाला त्याची ठेच लागायची. आईंना, म्हणजे सासूबाईंना, तर रोज. "मेला एकदाचा जाईल तर सुटेन!" असं त्या दिवसातून दोनदा म्हणायच्या. हे लक्षात ठेवा. मी ठेवलं होतं, तिथेच घोळ झाला.

खुंट काढायची जबाबदारी घेतली तिघांनी. सासरे, म्हणजे बाबा, सोसायटीचे सेक्रेटरी. दुसऱ्या मजल्यावरचे सावंतकाका, मूळचे मालवणकडचे. आणि तिसरा माझा नवरा निखिल, ज्यानं आयुष्यात लॅपटॉपपेक्षा जड काही उचललं नव्हतं.

पहिल्या रविवारी निखिल चाचरत म्हणाला, "बाबा, एखादा माणूस बोलावू या का? मशीनवाले असतात."

"माणूस? मग आपण कोण आहोत?" बाबा कडाडले.

"मेल्या, माझ्या बापाशीन एकट्यान माडाचो खुंट काढलेलो!" सावंतकाका म्हणाले. "आणि तू माणूस बोलावतंस?"

झालं. निखिलनं बाह्या सरसावल्या. टी-शर्टला बाह्या होत्याच कुठे, पण सरसावल्या.

त्या रविवारी खुंटाला भोकं पाडून त्यांत जाडं मीठ भरलं. खुंटाला काही झालं नाही, आमच्याकडची आमटी मात्र अळणी झाली. दुसऱ्या रविवारी सावंतकाकांचा गावठी इलाज: गूळ घातलेलं ताक ओतायचं, म्हणजे खुंट कुजतो. भांडुपपासूनच्या सगळ्या मुंग्या आमच्याकडे मुक्कामाला आल्या. तिसऱ्या रविवारी खुंटाला दोर बांधून दुसरं टोक काकांच्या स्कूटरला बांधलं. "एक, दोन, तीन!" खुंट जागेवर. स्कूटर पुढे. स्कूटरचं कॅरिअर खुंटापाशी!

चौथ्या रविवारी खुंटाला पालवी फुटली. कोवळी, पोपटी. ताक मानवलं होतं त्याला!

मी काय करत होते? चहाचे ट्रे वाहत होते. एका रविवारी पाच फेऱ्या, वर कांदाभजी. आणि बघत होते. न बोलणाऱ्या माणसाला दिसतं फार, अशी माझी तेव्हा समजूत होती.

तर त्या फ्रिजच्या वाक्यानंतर मी ठरवलं. तोंडानं जमत नाही ना? मग कृतीनं बोलायचं. या घरात माझी पहिली खूण उमटली पाहिजे.

मी मोबाइलवर शोधलं, जाणकार माणूस कधी बोलवावा? उत्तर सरळ होतं. खुंट फार रुंद असेल तर. मुळं भिंतीखाली गेली असतील तर. जवळून पाण्याचा पाइप जात असेल तर. आणि घरच्यांनी खटपट करूनही तो हलत नसेल तर. आमच्या खुंटानं चारही विषयांत डिस्टिंक्शन मिळवलं होतं.

कांदिवलीचा एक मशीनवाला मिळाला. बुधवार ठरला. बुधवारी निखिल पवईला ऑफिसात, बाबा आणि काका ज्येष्ठ नागरिक संघात, आई भजनाला. परवानगी? सेक्रेटरी घरचेच! मी ती मनातल्या मनात घेऊन टाकली.

मशीनवाला आला, खुंटाभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "ताई, याच्यावर प्रयोग कोणी केले?"

"घरच्यांनी," मी पुटपुटले.

"दिसतंय," तो म्हणाला.

आधी त्यानं मला पाइप कुठून जातो ते विचारून तिथे खडूनं रेघ मारली. मग मशीन लावलं. घर्रर्र! चाळीस मिनिटांत खुंटाचा भुसा. खड्डा बुजवला, माती दाबली आणि गेला. मी एवढी खूश झाले म्हणून सांगू! सपाट जागेवर रांगोळी काढली. आता टाळ्या पडणार, डोळे भरून येणार, मावशींना फोन जाणार. सगळं ठरलं होतं माझं.

आधी बाबा आणि काका आले. फाटकातच थबकले.

"हे कोणी केलं?"

"मी, बाबा."

"सगळा काढला? मुळासकट?"

"हो! फक्त चाळीस मिनिटांत!"

ते 'चाळीस मिनिटांत' मी उगाच बोलले. बाबांचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, बीपीची गोळी आणावी. सावंतकाका खाली वाकले आणि कोपऱ्यात राहिलेला भुसा त्यांनी मुठीत घेतला. अस्थी गोळा करतात ना, तसा.

"पालवी पण गेली?" त्यांनी हळूच विचारलं.

संध्याकाळी निखिल आला. तो तर थेट माझ्यावरच! "अगं यार, या रविवारी आम्ही गाडीचा जॅक लावणार होतो! मी व्हिडिओ बघून ठेवले होते!"

आता माझी सगळी आशा आईंवर. त्यांनाच तर रोज ठेच लागत होती! त्या भजनाहून आल्या, रांगोळी पाहिली आणि कपाळावर हात मारून जिन्यातच बसल्या.

"अगं सायली, काय केलंस हे? आता हे तिघं रविवारी कुठे जाणार?"

"पण आई, तुमचा अंगठा…"

"अंगठा काय, बरा होतो गं! बत्तीस वर्षांत पहिल्यांदा चार रविवार निवांत मिळाले होते मला. चहा दिला की तास तास कोणी वर यायचं नाही. निदान विचारायचंस तरी!"

आता बोला! पाच महिने बसून मी बघितलं काय? खुंट काढणं हे काम नव्हतंच मुळी. तो क्लब होता. तिघा सभासदांचा! आणि मी त्याची इमारत बुलडोझर लावल्यासारखी पाडून वर रांगोळी काढून बसले होते.

रविवार उजाडला. नऊ वाजता तिघेही आमच्या हॉलमध्ये. दहाला पेपर संपला. सव्वादहाला बाबा स्वयंपाकघरात आले आणि आमटीत पाणी जास्त आहे म्हणाले. साडेदहाला निखिलनं मसाल्याचे डबे अक्षरांच्या क्रमानं लावले. हळद सगळ्यात वरच्या, शेवटच्या फळीवर गेली, स्टूल घेतल्याशिवाय हात पोचेना. आई माझ्याकडे बघत होत्या. नुसत्या बघत होत्या.

पावणेअकराला सावंतकाकांना सिंकखाली पाण्याचा थेंब दिसला.

"अरे वा!" तिघांच्या चेहऱ्यावर एकदम तेज आलं. बाबा म्हणाले, "प्लंबर कशाला? आपण तिघं आहोत की!" निखिलनं मोबाइल काढून व्हिडिओ लावला. काका खाली गेले आणि वर आले ते हातात पहार घेऊन. पहार! सिंकसाठी! आईंनी माझा दंड असा धरला की बांगडी रुतली.

काकांनी पहारेचं टोक ओट्याखाली घातलं, आणि पाच महिन्यांत कधी न फुटलेला माझा आवाज चौथ्या मजल्यापर्यंत पोचला:

"थांबा! कोणी कशाला हात लावू नका! मी कांदिवलीवाल्याला फोन करते, तो खुंट परत पुरून देतो का विचारते!"