नांगर फिरला तेवढी शाळा

मोजणीदार दहाला येणार होता आणि आत्या सहापासून तयार होती. ठेवणीतल्या चपला घालून तिने अंगणाला इतक्या फेऱ्या मारल्या की चहा दोनदा गार झाला.

"आत्या, बसा की जरा," भाचेसून म्हणाली. "मोजणीच्या आधीच चपला झिजतील."

"झिजू दे. चौऱ्याहत्तर वर्षं पाय झिजले, त्यांची कुणी चौकशी केली नाही."

शाळेच्या पाटीवर आत्याच्या माहेरचं आडनाव होतं. पण पाटी वाचायच्या भानगडीत कुणी पडत नसे. लहानथोर सगळे तिला नांगरवाल्यांची शाळा म्हणत. सदुसष्ट वर्षांपूर्वी आत्याच्या वडिलांनी शेताच्या कडेची जागा शाळेला दिली, तेव्हा मोजपट्टी नव्हती, नकाशा नव्हता. त्यांनी बैलजोडी जुंपली आणि द्यायच्या जागेभोवती नांगराची एक रेघ फिरवली. मास्तरांनी कागदावर एकच ओळ लिहिली, 'नांगर फिरला त्याच्या आतली जागा शाळेची', आणि वडिलांनी खाली अंगठा उठवला.

कागद शाबूत होता. रेघ कधीच मातीत मिळाली होती. पुढे रस्ता, डावीकडे ओढा, उजवीकडे शेजाऱ्याची भिंत, त्यामुळे त्या तीन बाजूंना वाद नव्हता. मागे मात्र शाळा आणि भाच्याचं शेत यांच्यामध्ये गवताचा रुंद पट्टा पडून होता. त्यातला शाळेचा किती, हे सांगू शकणारं एकच माणूस आता जिवंत होतं. त्या दिवशी बैलांच्या पुढे चालणारी सात वर्षांची मुलगी.

आत्या त्या शाळेच्या पहिल्या तुकडीतली. चार इयत्ता शिकली, लग्न होऊन गेली, पन्नाशीत नवरा गेल्यावर भावाच्या घरी परत आली आणि दुसऱ्याच दिवशी शाळेच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. आज कोण आलं नाही ते ती बाईंच्या आधी सांगे आणि तडक त्या घरी जाई. पोराला ताप आहे म्हटलं, की कपाळाला हात लावून बघे. धाकट्याला सांभाळायचंय म्हटलं, की धाकटं स्वतःच्या कडेवर घेई आणि मोठ्याला पुढे घाली. आईबापांची तिच्यापुढे मात्रा चालत नसे. पण शाळा पाचवीपर्यंतच. सहावीला चार मैलांवर जावं लागे, आणि तिथे पाठवायचं म्हटलं की घरोघरी मुलींच्या बाबतीतच नेमकी अडचण निघे. दरवर्षी सहा-सात जणी आत्याच्या हातून निसटायच्या. पुढे कुठेतरी पाणवठ्यावर भेटल्या की तिची नजर चुकवायच्या, किंवा तीच त्यांची चुकवायची.

आता सहावीची खोली मंजूर झाली होती. अट एकच. शाळेच्या भिंतीमागे चोवीस फूट जागा शाळेची असली पाहिजे. नसली तर मंजुरी दुसऱ्या शाळेकडे जाणार होती.

मोजणीदार आला तो टेप, खुंट्या आणि चुन्याचा डबा घेऊन. वर्ग आपोआप रिकामे झाले. मोठ्या बाईंनी मुलांना रांगेत उभं करून पाहिलं आणि दोन मिनिटांत नाद सोडला. भाचा ट्रॅक्टर बांधाला लावून चिखलाच्या पायांनीच आला.

"साहेब, आत्या दाखवेल तिथे मी सही करतो," तो म्हणाला. "मी तेव्हा जन्मलो पण नव्हतो. ती सांगेल ती पूर्व दिशा."

नेमकी हीच आत्याची अडचण होती.

एक गोष्ट तिच्या आत सदुसष्ट वर्षं बसून होती, न भुंकणाऱ्या कुत्र्यासारखी. वडिलांनी तिला सरळ जायला सांगितलं होतं. पलीकडच्या दगडावर नजर ठेव आणि चाल. ती चाललीही. पण ती जागा तिला बसण्यापुरतीच वाटत होती. दिवसभर बसायचं, ठीक आहे; मग धावायचं कुठे? शाळेची मागची बाजू येणार होती तिथे पोचल्यावर तिने कासरा हळूच बाहेरच्या अंगाला ओढला. बैल मुकाट वळले, त्यांच्यामागे नांगर वळला. मोठा वळसा घेऊन ती पुन्हा दगडाच्या रोखाने आली. वडील मागे नांगराच्या मुठीला होते. त्यांनी हाक मारली नाही, रागावले नाहीत, मरेपर्यंत विषय काढला नाही. त्यांना कळलंच नाही, अशी तिने स्वतःची समजूत घातली. आणि ज्या जागेत धावायचं म्हणून हे केलं, तिथे ती त्यानंतर एकदाही गेली नाही. चारही वर्षं मधल्या सुट्टीत शाळेच्या पुढच्या पायरीवर बसून राहिली.

सरळ रेघ दाखवली तर भिंतीमागे जेमतेम अकरा फूट. वाकडी दाखवली तर खोली बसत होती. पण ती बापाने दिलेली जमीन नव्हती, पोरीने ढापलेली होती. आणि आज ती जाणार होती ज्याच्या घरचं ती जेवत होती त्या भाच्याच्या वाट्यातून.

"चला आत्या," मोजणीदार म्हणाला.

ती निघाली. मागे मोजणीदार चुना सोडत, त्याच्यामागे भाचा, आणि त्याच्यामागे दीडशे पोरांची झुंबड.

"आत्या, तुम्ही बैलांपेक्षा जोरात चालताय," मागून कुणीतरी म्हणालं.

"बैलांना चार पाय उचलावे लागतात रे. मला दोनच."

पोरं खिदळली. आत्याचे पाय हलके झाले होते, कुणीतरी पुढून ओढत असल्यासारखे. शाळेचा कोपरा गेला. गवत लागलं. ती जागा आली आणि ती थांबली.

"आता कुठे?" मोजणीदाराने विचारलं.

"सरळ," आत्या म्हणाली. मग म्हणाली, "थांबा. नांगर सरळ गेला नाही. जायला हवा होता." ती भाच्याकडे वळली. "आजोबांनी तुझ्या सरळ सांगितलं होतं. मी बैल बाहेर ओढले. मुद्दाम. शाळेला जागा जास्त मिळावी म्हणून. आता तू काय म्हणशील ते."

मोठ्या बाईंनी डोळे मिटून घेतले.

भाचा पुढे आला. "कुठून ओढलेस?"

"इथून."

"आणि आत कुठे घेतलेस?"

"तिकडे. त्या चौथ्या खिडकीच्या समोर असेल."

"आत्या," तो सावकाश म्हणाला, "मी नांगर धरायला शिकलो तेव्हापासून बाबा इथे आलं की ओरडायचे, बाहेर घे, बाहेर घे. का, तर आजोबांनी सांगून ठेवलंय. मला वाटायचं खाली खडक असेल. हा पट्टा पडीक का ठेवायचा म्हणून मी बाबांशी भांडलोय. ट्रॅक्टर घेतला, तरी इथे आलं की हात आपोआप चाक वळवतो. ये, तुला दाखवतो."

त्याने तिचं मनगट धरलं आणि गवत तुडवत शेताच्या कडेला नेलं. पीक घोट्याएवढं होतं. ओळी दूरवरून सरळ येत होत्या, शाळेच्या मागे आल्यावर बाहेर झुकत होत्या आणि चौथ्या खिडकीसमोर पुन्हा आत येत होत्या. पहिली झुकली म्हणून दुसरी, दुसरी झुकली म्हणून तिसरी. झोपलेल्या माणसाला जाग येऊ नये म्हणून घरातल्यांनी वळसा घालून जावं, तसं ते सगळं शेत तिच्या त्या एका ओढीला वळसा घालून गेलं होतं.

म्हणजे वडिलांना कळलं होतं. त्याच क्षणी कळलं होतं, आणि त्यांनी ते मुलाला सांगून ठेवलं होतं. तिला सोडून सगळ्यांना.

"बघा बाई या माणसाचं," आत्या म्हणाली आणि हसू लागली. हसता हसता तिला भाच्याच्या खांद्याचा आधार घ्यावा लागला.

"आपल्या घराण्यातली पहिली चोरी," भाचा म्हणाला, "आणि ती करून बसलीस शाळेसाठी. चारचौघांत तोंड लपवायचीही सोय ठेवली नाहीस."

मोजणीदाराने कागद पुन्हा वाचला. "नांगर फिरला त्याच्या आतली, एवढंच आहे. सरळ फिरला पाहिजे असं कुठे म्हटलेलं नाही. सही करताय ना?"

"आणा पेन."

टेप ताणली गेली. भिंतीपासून पहिल्या ओळीपर्यंत साडेसव्वीस फूट. मोठ्या बाईंनी आकडा पुन्हा वाचून घेतला, मग स्वतः वाकून वाचला, आणि मग पोरांना काही सांगायची गरजच उरली नाही. दीडशे जणांचा एकच कल्ला उठला, शेतातली पाखरं उडाली. मोजणीदार खुंटीवर घाव घालू लागला तसं प्रत्येक घावाला पोरं मोठ्याने आकडे म्हणू लागली.

आत्या त्यांच्यात नव्हती. ती मोठ्या बाईंचा पदर ओढत होती.

"पाचवीतल्या मुलींची यादी द्या."

"अहो, आत्ता? खोली उभी राहायला पाच-सहा महिने तरी लागतील."

"खोलीला लागतील. यांच्या बापांना वळवायला त्याहून जास्त लागतात."

"जेवून तरी जा," भाचा लांबून ओरडला.

"ओढ्याकाठच्या न्हाव्याची पोर यादीत आहे. तो जेवायला घरी येतो, तेवढ्यातच सापडतो. पोटात घास असला की माणूस ऐकतो," आत्या म्हणाली. यादीची घडी मुठीत धरून ती फाटकाबाहेर पडलीसुद्धा होती.